जोकोविचला ऑस्ट्रेलियाने परत का पाठवलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

५ जानेवारी २०२२ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास सर्बियाचा टेनिसपटू नोव्हाक जोकोविच ऑस्ट्रेलियन ओपन खेळायला मेलबर्नच्या टलमरीन विमानतळावर उतरला. त्याने कोविडची लस घेतलेली नव्हती. १६ जानेवारीच्या रात्री त्याच विमानतळावरून त्याला देश सोडावा लागला. मधल्या अकरा दिवसांत त्याचा व्हिसा दोनदा रद्द झाला आणि प्रकरण दोन न्यायालयांत गेलं. टेनिसचा विषय निघाला की हा वाद आजही पेटतो, आणि बहुतेक वेळा अर्धवट माहितीवर. मी २००८ पासून त्याचा खेळ जिवापाड आवडीने पाहत आलो आहे आणि लशीचे डोसही वेळेवर घेतले आहेत. उत्तरं वाचताना या दोन्ही गोष्टी ध्यानात असू द्या.

लस घेतलेली नसताना तो विमानात बसलाच कसा?

त्याच्याकडे कागद होते. १८ नोव्हेंबर २०२१ ला त्याला ऑस्ट्रेलियाचा ४०८ प्रकारचा तात्पुरता व्हिसा मिळाला होता. ३० डिसेंबरला टेनिस ऑस्ट्रेलियाच्या, म्हणजे स्पर्धेच्या आयोजक संस्थेच्या, मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याला लशीतून वैद्यकीय सूट दिली. १६ डिसेंबरला त्याची आरटीपीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली होती, म्हणजे नुकताच कोविड होऊन गेला होता, हा ती सूट देण्यामागचा आधार. व्हिक्टोरिया राज्याने नेमलेल्या स्वतंत्र डॉक्टरांच्या समितीनेही अर्ज तपासला होता. प्रवासाआधी ऑनलाइन भरायचं निवेदन त्याने दिलं होतं, आणि तुम्ही विलगीकरणाशिवाय येण्याच्या अटी पूर्ण करता असं उत्तरही गृहखात्याकडून आलं होतं. मग ४ जानेवारीला त्याने इन्स्टाग्रामवर फोटो टाकून सांगितलं की सूट मिळाली, निघालो. तिथून भडका उडाला.

मग अडवलं कशावर?

वादाची सगळी मेख इथे आहे. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच केंद्र आणि राज्य अशी दोन सरकारं असतात. मेलबर्न पार्कमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या मैदानावर, कोण खेळू शकतं हे व्हिक्टोरिया राज्य ठरवत होतं. देशात कोण शिरू शकतं हे केंद्र सरकार ठरवत होतं. जोकोविचची सूट पहिल्या दाराची होती, दुसऱ्या दाराची नव्हती.

नुकताच कोविड होऊन गेलेल्या माणसाने लस काही महिने पुढे ढकलली तर चालेल, असा वैद्यकीय सल्ला ऑस्ट्रेलियातच दिला जात होता. पण तो देशात आधीपासून असलेल्यांसाठी होता. केवळ संसर्ग होऊन गेला म्हणून परदेशी माणसाला विलगीकरणाशिवाय आत घेता येणार नाही, असं केंद्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री ग्रेग हंट यांनी टेनिस ऑस्ट्रेलियाला नोव्हेंबरमध्येच पत्राने कळवलं होतं. तरीही खेळाडूंना सूट मिळत राहिली. माझ्या मते पहिली आणि सर्वांत मोठी चूक आयोजकांची आहे. खेळाडू कितीही मोठा असला तरी परक्या देशाच्या दोन सरकारांमधली हद्द त्याने आखायची नसते. ते काम बोलावणाऱ्याचं.

त्या रात्री विमानतळावर नेमकं काय झालं?

न्यायालयात आलेल्या कागदपत्रांमुळे ही रात्र जवळजवळ तासातासाने समजते. मध्यरात्रीनंतर सीमा दलाच्या अधिकाऱ्यांनी त्याला बाजूला नेऊन चौकशी सुरू केली. पहाटे चारच्या सुमारास व्हिसा रद्द करण्याचा इरादा असल्याची नोटीस हातात दिली. दुबईहून लांबचा प्रवास करून आलेला माणूस, झोप नाही, वकील नाही. सकाळ होऊ द्या, टेनिस ऑस्ट्रेलियाशी आणि वकिलांशी बोलतो, असं तो सांगत होता. पाच वाजून वीस मिनिटांच्या सुमारास त्याला सांगण्यात आलं की उत्तर द्यायला साडेआठपर्यंत वेळ आहे.

तो वेळ त्याला मिळाला नाही. सव्वासहाच्या आसपास पुन्हा उठवून म्हणणं मांडायला लावलं आणि ७ वाजून ४२ मिनिटांनी व्हिसा रद्द झाल्याचं कळवलं. साडेआठला अजून पाऊण तासाहून अधिक बाकी होता. पुढचा पहिला निकाल या पाऊण तासावर फिरला.

त्याला तुरुंगात टाकलं होतं का?

तुरुंग नव्हता, पण दार आपल्या हाताने उघडता येईल अशी जागाही नव्हती. कार्लटन उपनगरातल्या पार्क हॉटेलमध्ये त्याला ठेवलं. सरकार ही इमारत स्थलांतरितांना अटकेत ठेवण्यासाठी वापरत होतं. ७ जानेवारीला, सर्बियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा नाताळ असतो त्या दिवशी, तो तिथेच होता.

बाहेर मेलबर्नमधले सर्बियन लोक झेंडे घेऊन गात होते, नाचत होते. त्यांच्याच शेजारी दुसरे काही लोक फलक धरून उभे होते, आणि ते टेनिससाठी आलेच नव्हते. त्या हॉटेलच्या खिडक्यांमागे तीसेक निर्वासित होते. नाउरू आणि पापुआ न्यू गिनीतल्या छावण्यांमधून उपचारांसाठी त्यांना ऑस्ट्रेलियात आणलं होतं आणि मग खोल्यांमध्ये बंद करून ठेवलं होतं. काहींच्या अटकेला आठ-नऊ वर्षं होत आली होती. जेवणात अळ्या निघाल्याची तक्रार त्यांनी डिसेंबरमध्येच केली होती, तेव्हा जगातल्या फारच थोड्या वर्तमानपत्रांनी ती छापली. जोकोविच आला आणि अख्ख्या जगाचे कॅमेरे त्या खिडक्यांकडे वळले. आमच्याबद्दल कोणी विचारत नव्हतं, आता सगळे फक्त त्याच्याबद्दल विचारत आहेत, अशा अर्थाचं त्यांच्यातला एक तरुण पत्रकारांना सांगत होता. या प्रकरणातलं मला सर्वांत जास्त लागलेलं वाक्य तेच.

१० जानेवारीला न्यायालयाने त्याला सोडलं, म्हणजे त्याचं म्हणणं खरं ठरलं ना?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच निकालाबद्दल आहे.

फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टाचे न्यायाधीश अँथनी केली यांनी व्हिसा रद्द करण्याचा आदेश बाजूला सारला, अर्ध्या तासात सुटका करा असं सांगितलं आणि खटल्याचा खर्चही सरकारवर टाकला. सुनावणीत त्यांनी विचारलं होतं की या माणसाने आणखी काय करायला हवं होतं? एक प्राध्यापक आणि एक नामवंत डॉक्टर यांनी दिलेली सूट त्याच्या हातात होती. हे उद्गार जगभर गाजले. पण आदेशाचा पाया वेगळा होता. साडेआठपर्यंत वेळ देतो म्हणून आधीच निर्णय घेणं अवाजवी होतं, हे सरकारच्याच वकिलांनी मान्य केलं. कोविड होऊन गेला हे लशीला पर्याय ठरतं की नाही, या प्रश्नाचं उत्तर न्यायालयाने दिलंच नाही.

तरीही मी या निकालाला लहान मानत नाही. माणसाचं म्हणणं ऐकण्याआधी त्याच्यावर निर्णय लादू नये, हे तत्त्व गावच्या पंचायतीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत आपणही मानतो. ते जोकोविचला मिळालं कारण त्याच्याकडे सकाळी उठून कामाला लागणारे वकील होते.

मग मंत्र्यांनी चार दिवसांनी पुन्हा व्हिसा का रद्द केला? न्यायालयाचा अवमान नाही का झाला?

अवमान नाही झाला, कारण या वेळी कायद्याचं कलमच वेगळं होतं. १९५८ च्या स्थलांतर कायद्यातलं १३३ सी हे कलम मंत्र्याला स्वतःचा खास अधिकार देतं. जनहितासाठी आवश्यक वाटलं तर मंत्री व्हिसा रद्द करू शकतो, आणि आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकण्याचं बंधनही त्याच्यावर नसतं. म्हणजे १० तारखेला सरकार ज्या मुद्द्यावर हरलं, तो मुद्दाच या कलमात उरत नाही. स्थलांतर मंत्री ॲलेक्स हॉक यांनी शुक्रवारी, १४ जानेवारीच्या संध्याकाळी हा अधिकार वापरला. कारण दिलं आरोग्य आणि सुव्यवस्थेचं.

त्यांची सविस्तर कारणं वाचली तेव्हा मी थबकलो. जोकोविचपासून संसर्ग पसरण्याचा धोका नगण्य आहे, हे मंत्र्यांनी मान्य केलं होतं. सूट खरी की खोटी या वादातही ते शिरले नव्हते. त्यांचं म्हणणं असं की हा माणूस लस न घेतलेला आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यामागे प्रचंड चाहतावर्ग आहे, आणि तो इथे राहिला तर लसविरोधी भावनेला बळ मिळेल. एप्रिल २०२० मध्ये, लशीचा पत्ताही नव्हता तेव्हा, आपला लशीला वैयक्तिक विरोध आहे असं तो बोलला होता. त्याचा हवाला त्यात होता.

नियम मोडला म्हणून परत पाठवणं मला समजतं. आजार पसरेल म्हणून परत पाठवणंही समजतं. पण तुझ्याकडे पाहून लोक काय विचार करतील म्हणून परत पाठवणं, ही मोठी उडी आहे. आज लशीच्या बाजूने वापरलेला अधिकार उद्या दुसऱ्या मंत्र्याच्या हातात दुसऱ्या मताविरुद्ध वापरला जाऊ शकतो. मी लशीच्या बाजूचा आहे, आणि तरीही मला हे खटकतं.

शेवटच्या निकालात तीन न्यायाधीश काय म्हणाले?

रविवारी, १६ जानेवारीला फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठासमोर सुनावणी झाली. पीठात सरन्यायाधीश जेम्स ऑलसप, न्यायमूर्ती अँथनी बेसांको आणि न्यायमूर्ती डेव्हिड ओ'कॅलहन होते. याचिका एकमताने फेटाळली. मंत्र्यांचा निर्णय शहाणपणाचा आहे की नाही हे ठरवणं आमचं काम नाही, तो कायद्याच्या चौकटीत बसतो की नाही एवढंच आम्ही पाहतो, ही पीठाची भूमिका होती. त्याच रात्री तो दुबईच्या विमानात बसला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा सुरू झाली.

त्याने अर्जात खोटं लिहिलं होतं ना?

चुकीचं लिहिलं होतं, हे नक्की. ऑस्ट्रेलियाला येण्याआधीच्या १४ दिवसांत दुसरा प्रवास केला का, या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर होतं. पण त्या काळात तो बेलग्रेडमध्येही होता आणि स्पेनमध्येही, आणि त्याचे फोटो समाजमाध्यमांवर सगळ्यांसमोर होते. १२ जानेवारीला त्याने खुलासा केला की फॉर्म एजंटने भरला, ती मानवी चूक होती, मुद्दाम केलेली नव्हती.

त्याहून मला डिसेंबरमधलं वागणं जास्त खुपतं. १६ तारखेला चाचणी दिली, १७ तारखेला मुलांच्या बक्षीस समारंभाला गेला. पॉझिटिव्ह असल्याचं समारंभानंतर कळलं असं तो सांगतो, ते मी मानून चालतो. पण १८ तारखेला, निकाल माहीत असताना, तो 'लेकिप' या फ्रेंच क्रीडा दैनिकाला मुलाखत द्यायला गेला. पत्रकाराचा हिरमोड करायचा नव्हता, अंतर राखलं होतं, फोटोपुरता मास्क काढला, असं त्याने सांगितलं आणि निर्णय चुकल्याचं कबूलही केलं. ज्या महिन्यांत लोक घरच्या माणसाच्या अंत्यविधीलाही जाऊ शकत नव्हते, त्या काळात ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही. त्याचा चाहता म्हणून हे लिहिताना वाईट वाटतं.

ऑस्ट्रेलियातले सामान्य लोक एवढे का चिडले?

मेलबर्नच्या लोकांनी दोन वर्षांत सहा लॉकडाऊन काढले होते. सगळे मिळून २६२ दिवस. ऑक्टोबर २०२१ मध्ये शहर उघडलं आणि दोन महिन्यांत ओमिक्रॉन आला. जानेवारीत चाचणीचे किट दुकानांत मिळेनात. सोळा वर्षांवरच्या दहापैकी नऊहून अधिक जणांनी दोन डोस घेतले होते. अशा शहराने सकाळी फोन उघडला तर एका श्रीमंत खेळाडूचा हसरा फोटो, सूट मिळाल्याची बातमी सांगणारा.

हा राग मराठी माणसाला परका नाही. मे २०२१ मध्ये, आपल्याकडे दुसरी लाट कळसाला असताना, ऑस्ट्रेलियाने भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही दार बंद केलं. ३ मे पासून १५ मे पर्यंत, मोडल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड अशी धमकी होती. आयपीएल खेळायला आलेले ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू मालदीवमध्ये थांबून राहिले. पुण्यात बनलेल्या कोविशील्डला ऑस्ट्रेलियाने मान्यता दिली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये, कोव्हॅक्सिनला नोव्हेंबरमध्ये. तिथे स्थायिक झालेल्यांचे आई-वडील जवळचे कुटुंबीय म्हणून धरले गेले तेही १ नोव्हेंबरपासून. तोवर कितीतरी आजी-आजोबांनी नातवंडाचं बारसं फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्या घरांमधून जोकोविचबद्दल सहानुभूती का निघाली नाही, हे मला पुरतं कळतं.

पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी हा राग अचूक हेरला. नियम म्हणजे नियम, विशेषतः सीमेच्या बाबतीत, असं ते म्हणाले. मे महिन्यात निवडणूक होती. ती ते हरले, पण या प्रकरणामुळे हरले असं मात्र कोणी समजू नये.

सर्बियात काय वातावरण होतं?

बेलग्रेडमध्ये संसदेसमोर मोर्चे निघाले. राष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर वुचिच यांनी खेळाडूचा छळ चालल्याचा आरोप केला. वडील स्रजान यांनी मुलाची तुलना स्पार्टाकसशी आणि सुळावर चढवलेल्या येशूशी केली. बापाचं काळीज समजतं, पण या तुलनांनी मुलाचं भलं झालं नाही. ज्यांना शांतपणे त्याची बाजू ऐकायची होती त्यांनीही कान बंद केले. २० जानेवारीला सर्बियाने रिओ टिंटो या अँग्लो-ऑस्ट्रेलियन कंपनीचा लिथियम खाणीचा परवाना रद्द केला, तेव्हा अनेकांनी त्याचा संबंध इथे जोडला. खाणीविरुद्ध लोक आधीपासून महिनोन् महिने रस्त्यावर होते, हे विसरून.

इतर खेळाडू त्याच्या पाठीशी उभे राहिले का?

थोडे. राफाएल नदाल सरळ बोलला: प्रत्येकाला आपला निर्णय घेण्याचं स्वातंत्र्य आहे, पण निर्णयाचे परिणामही असतात. ग्रीसच्या स्टेफानोस त्सित्सिपासची टीका अधिक बोचरी होती. आश्चर्य घडलं ते निक किर्गिओसच्या बाबतीत. जोकोविचवर वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलेला हा ऑस्ट्रेलियन खेळाडू स्वतः लस घेऊन बसला होता, तरी आपल्या देशाची वागणूक वाईट आहे असं उघड म्हणाला. दोघांची मैत्री तिथून जुळली आणि त्याच वर्षी ते विम्बल्डनच्या अंतिम फेरीत समोरासमोर आले.

अशी वेळ फक्त त्याच्यावरच आली का?

नाही. चेक प्रजासत्ताकाची दुहेरीतली खेळाडू रेनाता व्होराचोव्हा तशीच वैद्यकीय सूट घेऊन आली होती. ती आधीच आत शिरली होती, मेलबर्नमध्ये एक सामनाही खेळून झाली होती. जोकोविचचा गाजावाजा झाला तेव्हा तिलाही शोधून त्याच हॉटेलात नेलं. ती लढली नाही, निघून गेली. तिच्यासाठी कुठेही मोर्चा निघाला नाही.

स्पर्धेचं काय झालं?

ड्रॉ आधीच निघाला होता. त्याच्या जागी पात्रता फेरीत हरलेला इटलीचा साल्वातोरे कारुसो 'लकी लूझर' म्हणून आला. ३० जानेवारीच्या अंतिम सामन्यात नदालने दोन सेट मागे असताना मेदवेदेवला पाच सेटमध्ये हरवून २१ वं ग्रँड स्लॅम जिंकलं. तोवर नदाल, फेडरर आणि जोकोविच तिघेही २० वर होते.

तीन वर्षांची बंदी होती, मग २०२३ मध्ये तो खेळला कसा?

व्हिसा अशा रीतीने रद्द झाला की तीन वर्षं नवा मिळत नाही, पण सरकारला सूट देता येते. मे २०२२ मध्ये सरकार बदललं, जुलैत परदेशी प्रवाशांसाठी लशीची अट उठली आणि नोव्हेंबरमध्ये नव्या स्थलांतर मंत्र्यांनी बंदी माफ केली. जानेवारी २०२३ मध्ये तो आला आणि त्सित्सिपासला हरवून दहाव्यांदा ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. अंतिम सामन्यानंतर आई आणि संघाजवळ जाऊन तो हमसून रडला. ते पाहताना माझेही डोळे भरून आले.

तो लसविरोधी आहे का?

फेब्रुवारी २०२२ मध्ये बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत त्याने सांगितलं की आपण लसविरोधी चळवळीचे नाही, लहानपणी लसी घेतल्या आहेत, पण शरीरात काय घालायचं हे आपण ठरवणार, आणि त्यापायी विजेतेपदं गेली तरी चालतील. वैद्यकीयदृष्ट्या मला ही भूमिका चुकीची वाटते. पण किंमत त्याने खरंच मोजली. अमेरिकेनेही लस न घेतलेल्या परदेशी प्रवाशांना विमानाने येऊ दिलं नाही, त्यामुळे २०२२ ची यूएस ओपन गेली आणि दोन वर्षं इंडियन वेल्स आणि मायामी गेलं. तिथली अट मे २०२३ मध्ये उठली. त्याच सप्टेंबरमध्ये तो न्यूयॉर्कला जाऊन २४ वं ग्रँड स्लॅम जिंकला.

नियम सगळ्यांना सारखा हवा, मग एवढी चर्चा कशाला?

सारखा हवाच. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच सामान्य प्रवासी म्हणून चढता येत होतं. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने ते पाळलं, तर जगज्जेत्या खेळाडूने का पाळू नये? माझं एवढंच म्हणणं आहे की सारखेपणा दोन्ही बाजूंनी असावा. नियम सारखा लागू व्हावा आणि वागणूकही सारखी मिळावी. दिलेला वेळ द्यावा, कारण सांगावं, वकिलाशी बोलू द्यावं. हे जोकोविचला मिळवायला चार दिवस आणि महागडे वकील लागले.

त्या हॉटेलमधल्या निर्वासितांचं पुढे काय झालं?

जोकोविच गेल्यावर बहुतेक कॅमेरेही गेले. ते लोक फेब्रुवारीत तिथेच होते, मार्चमध्येही होते. एप्रिल २०२२ मध्ये, निवडणुकीला काही आठवडे उरले असताना, पार्क हॉटेलमध्ये राहिलेल्यांना तात्पुरत्या व्हिसावर सोडण्यात आलं.